मधातलं पाणी

आवडीला झाडावर चढायला कुणी शिकवलं नव्हतं. चढू नकोस म्हणायला घरात आई नव्हती, आणि बाप स्वतःच दिवसभर कुठल्या ना कुठल्या झाडाच्या ढोलीत हात घालून बसलेला असायचा. पोलादपूरहून घाटाच्या अंगाला निघालं, की गाडीवाट संपते तिथून दोन तासांच्या चढावर हेदमाची नावाची सतरा घरांची वाडी होती. आवडीचा बाप गोमाजी तिथला. नाचणी-वरीपुरती उतरती जमीन, दोन म्हशी आणि बाकी सगळी भिस्त मधावर. सातेरी माशांची पोळी कुठल्या ढोलीत आहेत, कुठल्या कपारीत आहेत, हे त्याला माशांच्या जाण्यायेण्यावरून कळायचं. वाळल्या गवताचा धूर द्यायचा, पिल्लांची पोळी झाडातच राहू द्यायची, मधाची तेवढी कापून आणायची आणि फडक्यातून पिळून घ्यायची. आवडी लहानपणी खाली उभी राहून धुराची पेंडी धरायची. बाराव्या वर्षी ती बापाच्याही वर चढायला लागली, कारण तिचा हात बारीक होता आणि अरुंद ढोलीत कोपरापर्यंत जायचा.

मध जायचा महाडला. चवदार तळ्याकडून बाजारात उतरलं की नदीच्या बाजूला इस्माईलशेटची वखार होती. हिरडा, शिकेकाई, मेण, मध असा रानातला माल तो घ्यायचा आणि सावित्रीतून होडीनं बाणकोटला, तिथून आगबोटीनं मुंबईला धाडायचा. मुंबईतले एक हकीम त्याचा सगळा मध औषधासाठी उचलायचे. बाकीच्यांचे डबे इस्माईलशेट उघडून, बोट बुडवून बघायचा. गोमाजीचा डबा मात्र न उघडताच आत ठेवायचा.

१९२४ साली कारवी फुलली. ही झुडपं सात-आठ वर्षं नुसती पानं घेऊन उभी असतात, आणि मग एका पावसाळ्याच्या अखेरीला सगळी मिळून एकदम फुलतात. डोंगरच्या डोंगर निळेजांभळे होतात आणि माशांना दुसरं काही सुचत नाही. त्या साली पोळी इतकी भरली, की गोमाजीनं आणि चौदा वर्षांच्या आवडीनं नऊ डबे मध काढला. घासलेटचे रिकामे डबे धुऊन, वाळवून, त्यांत तो भरला. एकेक डबा डोक्यावर घेऊन बापलेक पोलादपूरपर्यंत खेपा घालत राहिली.

महिन्याभरानं इस्माईलशेटचा निरोप आला, की जातीनं येऊन जा.

वखारीत नऊपैकी सात डबे मांडून ठेवले होते. सगळ्यांच्या बाजू फुगलेल्या. झाकण काढलं की वर पांढरा फेस, आणि वास ताडीसारखा आंबट. दोन डबे आगबोटीतच फुटले होते.

"हकीमसाहेबांनी माल परत धाडला," इस्माईलशेट म्हणाला. "म्हणतात, ह्यात पाणी हाय."

हिरड्याची पोती घेऊन आलेली पाच-सहा माणसं तिथंच उभी होती. गोमाजीनं त्यांच्याकडे बघितलं नाही.

"शेट, मी पाणी घातलं असंल तर माझा हात झडून जाईल."

"तू घातलंस असं मी म्हणतच नाय, गोमाजी. पण पाणी हाय. ते नाय असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

शेट भला माणूस होता. त्यानं आवाज चढवला नाही. पण तिथं उभ्या असलेल्यांनी ऐकलं ते ऐकलंच, आणि पुढच्या आठवड्याच्या बाजाराला पोलादपुरात गोमाजीला नवं नाव मिळालं होतं. पाणीवाला गोमाजी. कुणी तोंडावर म्हणायचं नाही. पाठ वळली की म्हणायचं. गोमाजीनं घरी येऊन मधाचा कोयता आढ्याला खोचून टाकला आणि पुन्हा म्हणून झाडाला हात लावला नाही.

आवडीला मात्र एकच गोष्ट डाचत राहिली. पोळं कापण्यापासून झाकण घालण्यापर्यंत ती बापाच्या शेजारी होती. डबे कोरडे होते, फडकं कोरडं होतं. पाणी कुणी घातलं नव्हतं आणि पाणी होतं, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"बाबा, मग पाणी आलं कुठनं?"

"तू सोड आता त्याचा नाद," गोमाजी म्हणाला.

तिनं नाद सोडला नाही. कोयता काढून ती एकटीच रानात जायला लागली.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. सासर त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं. नवरा सहदेव मुंबईला गोदीत कामाला. शिमग्याला आणि गणपतीला तेवढा यायचा. घरात सासू रंगूबाई. रंगूबाई बोलायची कमी आणि बोलली की टोचायचं. सून झाडावर चढते हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं.

"पडशील तर खाली मला हाक मारू नको गो," ती म्हणाली. "मला ऐकू कमी येतं." तिला अगदी स्वच्छ ऐकू यायचं.

आवडीनं पोळ्याकडे नुसतं बघायला सुरुवात केली. माशा फुलातून आणतात तो रस पाण्यासारखा पातळ असतो, हे तिनं जिभेला लावून पाहिलं. तो रस पोळ्यातल्या छोट्या छोट्या घरांत भरून माशा ढोलीच्या दारात ओळीनं उभ्या राहतात आणि पंख हलवत वारा घालतात. रस दाट झाला, की मगच त्या घरावर मेणाचं झाकण बसवतात. म्हणजे माशांनाही पाण्याची धास्ती असते तर. तिनं एका पोळ्याचे दोन भाग केले. झाकलेल्या घरांचा मध एका बुधल्यात आणि उघड्या घरांचा दुसऱ्यात. वीस दिवसांत दुसऱ्यावर फेस आला. पहिला तसाच राहिला.

चैत्र-वैशाखात, जांभूळ आणि हिरडा फुलून गेल्यावर, ती फक्त झाकलेला मध घेऊन महाडला गेली. इस्माईलशेटनं डबा उघडला, बोट बुडवलं, उजेडात धरून धार पाहिली. मग आतून एक चपटी औषधाची बाटली आणि छोटा काटा घेऊन आला.

"ह्या बाटलीत पाणी भरलं तर वीस तोळे भरतं," तो म्हणाला. "चांगला मध सव्वाअठ्ठावीस तोळे भरतो. पाणी जास्ती असंल तितका हलका. साडेसत्तावीसच्या खाली आला, की तो आंबणार म्हणून समज, आणि अठ्ठावीस भरेपर्यंत भरवसा नाय."

आवडीचा मध अठ्ठावीस तोळे आणि वर थोडा भरला. इस्माईलशेटनं तो ठेवून घेतला, आणि तशीच दुसरी बाटली तिला दिली. काटा सहदेवनं पुढच्या शिमग्याला मुंबईहून आणला, चोरबाजारातून. बायकोला सोनाराचा काटा कशाला हवा, हे त्याला नीटसं उमजलं नव्हतं. पण तिनं मागितलेली ती पहिलीच वस्तू होती.

इथवर झालं ते पुष्कळ होतं. उन्हाळ्यात झाकलेला मध काढावा, विकावा, गप्प बसावं. पण बापाचं नाव गेलं होतं ते कारवीच्या मधावर. कारवी फुलते पावसाच्या शेवटी, हवा ओलीचिंब असताना. तेव्हा माशांनी कितीही पंख हलवले तरी रस पुरता वाळत नाही, आणि झाकलेल्या घरातला मधसुद्धा पातळच निघतो. आवडीनं दरवर्षी भाद्रपदात थोडा मध काढून तोलून बघितला. सत्तावीस. सव्वासत्तावीस. कधी कधी त्याहून कमी.

ती एकेक गोष्ट करून बघू लागली. मध चुलीवर आटवला, तर तो काळा झाला आणि करपलेल्या गुळासारखा लागायला लागला. उन्हात ठेवला, तर ऊन पडायचं तासभर आणि मुंग्या यायच्या दिवसभर. चुलीवरच्या माच्यावर परातीत पसरून ठेवला. वजन वाढलं खरं, पण धुराचा वास असा बसला, की रंगूबाई म्हणाली, "ह्यो हकीमाला धाड. सुकट समजून भाताबरोबर खाईल."

मग एका आषाढात तिच्याकडून चूक झाली. उन्हाळ्यातला चांगला दाट मध वाटीत काढून फळीवर ठेवला होता, तो ती विसरली. पंधरा दिवसांनी बघते, तर वाटीतला मध वरून पाण्यासारखा पातळ झालेला, आणि नाकाशी आंबट. छप्पर गळत नव्हतं. वाटीला कुणी हात लावला नव्हता. आवडीनं वाटी उचलून फळीवर हात फिरवला. फळीवरचं मीठही ओलं होऊन पाझरत होतं, दरवर्षीसारखंच.

दुसऱ्या दिवशी ती डोंगर ओलांडून माहेरी गेली.

"बाबा, पाणी हवेतनं येतं. मध हवेतलं पाणी ओढतो, मिठावानी. आपण घातलं नव्हतं."

गोमाजी दोर वळत होता. हात न थांबवता म्हणाला, "मला ठाव हाय आपण घातलं नव्हतं. लोकांना सांग जाऊन."

"सांगून काय उपयोग? करून दाखवायला पायजे."

मध हवेतलं पाणी घेतो, तर कोरड्या हवेत तो पाणी सोडतही असणार. पण सह्याद्रीच्या त्या पोटात पावसाळ्यात कोरडी हवा आणायची कुठून? वर्षभर तिला त्याचं उत्तर सापडलं नाही. ते सापडलं इस्माईलशेटच्या वखारीत, १९३० सालच्या श्रावणात, ती मेण द्यायला गेली तेव्हा.

शेटचा मुलगा सईद हमालावर चिडला होता. फळ्यांवर उंच, भिंतीपासून लांब ठेवलेलं कळीच्या चुन्याचं एक पोतं उभं फाटलं होतं आणि आतले दगडासारखे खडे फुलून त्यांचं पीठ झालं होतं.

"पानी लगा असंल," सईद म्हणत होता.

"थेंब नाय लागला, मालक. हात लावून बघा, फळी कोरडी हाय."

"सोड रे त्याला," इस्माईलशेट आतून म्हणाला. "पावसाळ्यात कळी हवेतलं पाणी पिते. दरसाल एखादं पोतं असंच जातं."

आवडी मेणाचे गोळे मोजायची थांबली. मग म्हणाली, "शेट, मला पायलीभर कळी पायजे."

"घर बांधतेस?"

"नाय. मधाला."

इस्माईलशेटनं तिच्याकडे नीट पाहिलं. मध आणि चुना ही दोन नावं एका वाक्यात त्यानं ऐकली नव्हती. पण त्यानं डब्यात कळी भरून, झाकण मेणानं बंद करून दिली. "भिजू देऊ नकोस. पाणी लागलं तर उकळते ही. डोळ्यांत गेली तर डोळे जातील," एवढं मात्र दोनदा बजावलं.

पहिल्या खेपेला तिनं शेणानं सारवलेली मोठी टोपली घेतली. तळाशी कळी, वर काठ्यांची तिकटी बांधून त्यावर मधाची परात, आणि वरून दुसरी टोपली पालथी. तिसऱ्या दिवशी ढवळताना परात कलंडली. मध कळीवर सांडला, कळी तडतडून उसळली आणि आवडीच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत भाजून गेली.

रंगूबाईनं हात पुसून काढला, खोबरेल लावलं, फडकं गुंडाळलं. आवडीला वाटलं, आता हे सगळं उकिरड्यावर जाणार. सकाळी उठून बघते, तर रंगूबाईची लाकडी पेटी, तिच्या स्वतःच्या लग्नातली, चुलीच्या भिंतीला लावून मोकळी ठेवलेली.

"टोपलीला भोकं असतात, एवढी अक्कल नाय तुला," रंगूबाई म्हणाली. "माझी लुगडी दोनच हायत. दांडीवर राहतील."

ती पेटी हीच खरी तोड ठरली. तळाशी मातीच्या उथळ परळांत कळी. त्यावर खिळ्यांनी घट्ट बसवलेल्या बांबूच्या कामट्या. कामट्यांवर कल्हईच्या परातीत बोटभर जाडीचा मध. पेटीच्या सगळ्या फटी मेणानं बुजवलेल्या, आणि भिंतीपलीकडच्या चुलीची ऊब. दिवसातून दोनदा झाकण उघडायचं, झटकन ढवळायचं, बंद करायचं. कळीचं पीठ झालं की बदलायची. चौथ्या दिवशी तिनं बाटली भरून काट्यावर टाकली. सव्वासत्तावीसचा मध अठ्ठावीस तोळ्यांवर गेला होता. रंग तोच, वास फुलाचा. धूर नाही, करप नाही. तिनं रंगूबाईला बोटभर चाटवला.

"गोड हाय," रंगूबाई म्हणाली. त्या घरात ही मोठी तारीफ होती.

१९३२ साली कारवी पुन्हा फुलली.

आवडीनं वर्षभर आधीपासून तयारी केली होती. शेजारच्या महिपतच्या घरातून आणखी दोन पेट्या मागून आणल्या, कळीचे सहा डबे बंद करून माळ्यावर ठेवले. एका पेटीत एका वेळेला थोडाच मध सुकायचा. म्हणजे मध एकदम काढून चालणार नव्हतं. काढलेला ओला मध वाट बघत ठेवला तर तोच आंबला असता. पेटी रिकामी होईल तितकंच पोळं कापायचं, बाकीचा मध झाडात माशांच्या ताब्यात राहू द्यायचा, असं तिनं ठरवलं. वाडीतल्या लोकांनी तिला वेड्यात काढलं. बाकीचे आठ दिवसांत सगळी पोळी उतरवून मोकळे झाले, आणि ही दर चार दिवसांनी एकेक ढोली गाठत होती.

लांबच्या कपारी तिला ठाऊक नव्हत्या. त्या विचारायला ती माहेरी गेली. गोमाजीनं ऐकून घेतलं आणि उठून तिच्याबरोबर चालायला लागला. आठ वर्षांत तो रानाच्या त्या अंगाला फिरकला नव्हता. कपारीखाली पोहोचल्यावर त्यानं गवताची पेंडी वळली, पेटवली, विझवून धूर केला आणि खाली उभा राहिला. वर आवडी गेली. त्या मोसमात तो तिच्याबरोबर प्रत्येक खेपेला आला. पेटीत काय चाललंय, हे मात्र त्यानं एकदाही उघडून बघितलं नाही.

दिवाळीपर्यंत चार डबे झाले. नऊ नव्हते. शेवटच्या डब्याच्या वेळी कळी संपली आणि महाडहून आणायला तीन दिवस लागले असते. त्या डब्यातला काही मध आवडीनं पावणेअठ्ठावीस तोळ्यांवरच ओतून घेतला. ते तिनं लक्षात ठेवलं आणि डब्याच्या बुडाला खिळ्यानं एक ओरखडा ओढला.

वखारीत इस्माईलशेटनं चारही डबे तोलून पाहिले आणि म्हणाला, "आज चांगला हाय. पण आवडे, खरं सांगतो, कारवीचा मध मुंबईला धाडायची माझी हिंमत नाय. मागल्या वेळेला हकीमसाहेबांसमोर माझंही नाव गेलं होतं."

"धाडू नका," आवडी म्हणाली. "झाकणं लावून इथंच ठेवा. पावसाळा जाऊ द्या. भादव्यात उघडू."

"वखारीत पावसाळाभर? पुराची ओल येते इथं."

"म्हणूनच इथं."

अकरा महिने ते डबे सावित्रीकाठच्या ओलीत राहिले. त्या पावसाळ्यात नदीचं पाणी वखारीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेलं. भाद्रपदात आवडी गेली तेव्हा गोमाजी बरोबर होता. तिनं बोलावलं नव्हतं, तो आपण होऊन आला होता. बाजाराचा दिवस होता आणि वखारीत माणसं होती. सईदनं पहिला डबा उघडला. वर फेस नव्हता. मध तळाशी साखरेसारखा रवाळ झाला होता आणि वास कारवीचा होता. दुसराही तसाच, तिसराही.

चौथ्याचं झाकण उचलताना बारीकसा फुस्स आवाज आला. सईदनं बापाकडे बघितलं. कुणी काही म्हणायच्या आत आवडीनं डबा कलता करून बुडाचा ओरखडा दाखवला.

"ह्यो मी पावणेअठ्ठावीसवर बंद केला होता. कळी संपली होती. ह्यो आंबणार म्हणून मला वाटलंच होतं. ह्यो धाडू नका."

इस्माईलशेटनं त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. त्याला तीन चांगल्या डब्यांपेक्षा ह्या चौथ्यानंच जास्त खात्री पटली असावी. "कुठला डबा बिघडणार हे जिला आधी कळतं," तो उभ्या असलेल्या माणसांकडे वळून म्हणाला, "तिच्या मालात पाणी हाय असं कोण म्हणंल?"

गोमाजीनं पहिल्या डब्यात बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. आवडीला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "कारवीचाच हाय." मग बाहेर जाऊन ओट्यावर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना स्वतः हाक मारून थांबवायला लागला. शिकेकाई घेऊन आलेला कुणी, जांभा दगड वाहणारा कुणी, तुडील गावचा कुणी. ज्यानं त्यानं आत जाऊन मध चाखावा, असा त्याचा आग्रह चालू होता.

तीन डबे मुंबईला गेले. हकीमांचं पत्र पौषात आलं. कारवीचा मध अजून असेल तर हवा आहे, एवढंच त्यात होतं. अजून नव्हता. पुढची कारवी फुलायला अजून सहा-सात वर्षं होती.

पण साधा मध दरवर्षी होता, आणि ओली हवा तर होतीच. आवडीनं पेटीची गोष्ट लपवून ठेवली नाही. महिपतच्या घरच्यांना तिनं आधी शिकवलं, मग आसपासच्या वाड्यांतल्या बायकांना. पाच वर्षांत त्या डोंगरात अकरा घरी मधाच्या पेट्या झाल्या. शिकवताना ती भाजलेला हात पुढे करायची आणि कळी कशी हाताळायची ते आधी सांगायची, मध नंतर. रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीतून रखमा नावाची एक बाई दीड दिवस चालून तिच्याकडे आली होती. तिचा मध तीनदा तोलून आवडीनं तीनदा परत पेटीत घालायला लावला. रखमा रडकुंडीला आली.

"आवडीबाय, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय?"

"अर्ध्या तोळ्यानं डबा फुटतो," आवडी म्हणाली. "आजची रात रहा. सासूबायनं भाकऱ्या जास्तीच्या टाकल्यात."

रखमा राहिली. आणखी दोन दिवस राहिली, आणि बाटली सव्वाअठ्ठावीस तोळे भरल्यावर पेटी कशी करायची ते बोटांनी मोजून घेऊन, सकाळच्या उन्हात डोंगर उतरायला लागली.